न कापलेला ताव

"हे सगळं कापून विकलं तर किती येतील?"

जुन्या कागदांबद्दल मला विचारला जाणारा हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न. या वेळी तो छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात विचारला गेला. संत एकनाथ रंगमंदिरापासून जवळच माझ्या आत्याचं घर आहे. घर रंगवायचं म्हणून आम्ही सामान हलवत होतो. पत्र्याची ट्रंक रिकामी केली, तळाचा कागद झटकायला उचलला आणि उलटा केला, तर खाली मोरच मोर. तांबड्या जमिनीवर निळा मोर, वर पिवळी कमान, कोपऱ्यात बारीक अक्षरांत '६ नये पैसे'. काडेपेटीवर चिकटवायचं लेबल. असे शंभर मोर एकमेकांना चिकटून, कुठेही कात्री न लागलेले.

आत्या म्हणाली, "राहू दे रे तो तिथंच. लग्नातले शालू त्याच्यावरच राहिले माझे इतकी वर्षं."

मदतीला आलेला शेजारचा मुलगा मात्र हिशेबाला लागला. जुन्या काडेपेट्यांची लेबलं जमवणारे लोक असतात, हे त्याला ठाऊक होतं. एका लेबलाचे शंभर रुपये धरले, तर शंभरांचे दहा हजार. वरचा प्रश्न त्याचा. त्याचा गुणाकार बरोबर होता, पण कापल्यावर काय जातं ते त्यात धरलेलं नव्हतं. ते आधी धरू, मग किमतीकडे वळू.

१. छापखाना एकेक लेबल का छापत नाही?

पाटवड्या करताना आपण एकेक वडी वेगळी थापत नाही. ताटभर थापतो आणि मग सुरी फिरवतो. छापखान्यातही तेच. लेबल, तिकीट, लग्नपत्रिका, पत्ते, काहीही छोटं छापायचं असलं की ते मोठ्या कागदावर शेजारी शेजारी बसवतात, एकदम छापतात आणि शेवटी कटिंग मशीनखाली गठ्ठा ठेवून कापतात. कापण्याआधीचा जो मोठा कागद, तो ताव.

तावाची मापं ठरलेली असतात. पुस्तक वाचणाऱ्यांना 'क्राऊन' आणि 'डेमी' हे शब्द माहीत असतात, पण ती मुळात कागदाच्या मापांची नावं आहेत. क्राऊन म्हणजे १५ बाय २० इंच. आत्याच्या ट्रंकेतला ताव पट्टीनं मोजला, तो नेमका एवढाच भरला.

आता हिशेब करून पाहू. १५ बाय २० इंच म्हणजे ३८.१ बाय ५०.८ सेंटिमीटर. मोराचं लेबल ५ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन उंच. आडवी दहा बसवली तर ५० सेंटिमीटर, उरले आठ मिलिमीटर. उभ्या दहा ओळींना ३५ सेंटिमीटर, उरले ३.१. एका बाजूला कागद कमी उरला आणि दुसऱ्या बाजूला जास्त, हे असं का? कारण मशीन कागदाला एका कडेनं चिमटीत धरून आत ओढतं. त्या चिमट्यांना छापखान्यात ग्रिपर म्हणतात, आणि ग्रिपर जिथे धरतो तिथे छापता येत नाही. म्हणजे नुसत्या कोऱ्या कडा मोजल्या तरी कागद मशीनमध्ये कुठल्या बाजूनं गेला ते कळतं. कापलेल्या लेबलावरून हे कधीच कळणार नाही, कारण कापताना सगळ्यात आधी उडते ती कोरी कडच.

२. तेल, पाणी आणि तीन रंग

अशी रंगीत लेबलं बहुतेक शिळाछापाच्या पद्धतीनं छापली जात. १७९६च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यानं ती शोधली. मूळ कल्पना स्वयंपाकघरातली आहे. आमटीवर फोडणीचं तेल तरंगतं, पाण्यात मिसळत नाही. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी धरतं, चित्राच्या जागी धरत नाही. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. वर कागद ठेवून दाबला की झालं. पुढे दगडाच्या जागी जस्ताचा पत्रा आला, पण तेलपाण्याचं भांडण तेच राहिलं.

एका दगडातून एकच रंग निघतो. तीन रंग हवे तर तीन दगड, आणि प्रत्येक ताव तीनदा मशीनखाली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना याच पद्धतीवर चालला. घरोघरच्या भिंतींवरची लक्ष्मी आणि सरस्वती कितीतरी दगडांखालून जाऊन आलेली आहे.

ताव तीनदा आत जातो, म्हणजे चुकायची संधीही तीनदा. दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसावा म्हणून तावाच्या कडेला बारीक फुल्या छापतात. फुलीवर फुली बसली की रजिस्टर बरोबर. आमच्या तावावर निळी फुली तांबडीच्या किंचित डावीकडे सरकलेली आहे, आणि म्हणून शंभराच्या शंभर मोरांच्या पिसाऱ्याला उजवीकडून पांढरी रेघ दिसते. एकटं लेबल हातात घेतलं असतं तर मी म्हणालो असतो, काय सुंदर पांढरी किनार दिलीय चित्रकारानं!

दुसरा रंग चुकीचा बसण्याची आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट १८५४ची आहे. कलकत्त्याला छापलेलं चार आण्यांचं तिकीट दुरंगी होतं, चौकट तांबडी आणि व्हिक्टोरिया राणीचं डोकं निळं. एका तावावर बारा तिकिटं. चौकटी छापून झाल्यावर काही कागद दुसऱ्या फेरीला उलटे लागले आणि राणी शीर्षासनात गेली. अशी तिकिटं जगात आज जेमतेम दोन-अडीच डझन उरली आहेत. आपण म्हणतो एका तिकिटात चूक झाली, पण चूक झाली होती ती तावात. ताव उलटा गेला की त्यावरचं प्रत्येक डोकं उलटं.

३. चोच नसलेला मोर

आता या प्रकरणातला माझा लाडका भाग.

भिंग घेऊन मी शंभरही मोर तपासले. आत्यानं तोवर दोनदा चहा केला. ओळी वरून खाली मोजल्या, घरं डावीकडून उजवीकडे, म्हणजे प्रत्येक मोराला पत्ता मिळाला: ओळ ४, घर ७ वगैरे. दुसऱ्या ओळीत सातव्या घरातल्या मोराला चोच नाही. निळी शाई तिथे लागलेलीच नाही. चौथ्या ओळीत सातव्या घरातही तेच. मग सहावी ओळ, आठवी, दहावी, प्रत्येक ठिकाणी सातवं घर बिनचोचीचं. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या ओळीतले मोर मात्र चांगले धडधाकट.

शाईच्या मशीनला सम आणि विषम आकडे कळत नाहीत. मग हे कसं झालं?

रांगोळीच्या छापाचा विचार करा. अंगण मोठं आणि छाप लहान असला की आपण तोच छाप पुन्हा पुन्हा टेकवत जातो. छापाचं एक भोक बुजलेलं असेल, तर प्रत्येक वेळी त्याच जागी ठिपका गायब. इथेही तसंच झालं. कारागिरानं शंभर मोर काढले नाहीत. त्यानं दोन ओळींचा, वीस मोरांचा एक गट तयार केला आणि तोच पाचदा उतरवून शंभर केले. वीसच्या त्या गटात एका मोराची चोच गेली होती, म्हणून तावात पाच मोरांची गेली.

छापखान्याचं नाव नाही, वही नाही, कारागीर कोण ते माहीत नाही. पण त्यानं काम कसं केलं ते कळलं, आणि तेही पाच चुकांच्या पत्त्यांवरून. हाच ताव कापून लेबलं पाकिटात भरली असती, तर बिनचोचीचे पाच मोर हातात आले असते आणि पत्ते गेले असते.

एक सावधगिरी. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या घरात पिवळ्या कमानीवर एक गोल पांढरा ठिपका आहे, आणि तो एकदाच येतो. तो पत्र्यावरचा कायमचा दोष की त्या वेळी उडून बसलेला धुळीचा कण? एका तावावरून सांगता येत नाही. दुसरा ताव मिळाला आणि त्याच घरात तोच ठिपका निघाला तर दोष पत्र्याचा. नाही निघाला तर धूळ. म्हणून संग्राहक एक ताव मिळाल्यावर खूश होतो आणि दुसऱ्यासाठी झुरतो.

४. निजामाची दोनशे चाळीस तिकिटं

आपला मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाचं टपालखातं स्वतःची तिकिटं काढत असे. या तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगूही असे. १९३१च्या मालिकेत आपल्या दोन जागा आहेत: आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि रुपयावर दौलताबादचा मिनार.

पण तावाच्या गोष्टीत महत्त्वाची आहेत ती सुरुवातीची तिकिटं, अर्ध्या आण्याची आणि दोन आण्यांची. या तिकिटांसाठी स्थानिक कोरणाऱ्यांनी एक नमुना करून तो उतरवला नाही. तावावरची २४० तिकिटं सुटी सुटी हातानं कोरली. परिणाम असा की तावावरचं कुठलंही तिकीट दुसऱ्यासारखं तंतोतंत नाही. कुठे अक्षराची शेपटी लांब, कुठे नक्षीची एक वेल कमी. एकाच आईच्या हातच्या भाकऱ्या जशा, सारख्या आणि तरी वेगळ्या.

यातून एक खेळ निघाला. हातात सुटं तिकीट आहे. ते तावावर कुठल्या घरात होतं ते ओळखा. शेकडो सुटी तिकिटं, जोडीनं राहिलेली तिकिटं, चारचे तुकडे शेजारी ठेवून, कोणाच्या उजवीकडे कोण होतं ते जुळवत पूर्ण ताव कागदावर पुन्हा उभा करायचा. तुकड्यांवरून चित्र जुळवायचा मुलांचा खेळ असतो तोच, फक्त डब्यावर मूळ चित्र नाही. लोकांनी या उद्योगात आयुष्यं घातली आहेत. अखंड ताव मिळाला की हे कोडं एका झटक्यात सुटतं. त्याला जी किंमत येते ती शंभर किंवा २४० चित्रांची नसते, त्यांच्या शेजाराची असते.

५. सत्त्याण्णव खेळाडू, शंभर जागा

अमेरिकेत असे छापील तुकडे जमवण्याचा छंद बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेल्या पत्त्यांभोवती वाढला. सिगारेटचं पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड कागद घालत, त्यावर खेळाडूचं चित्र आलं. नंतर सिगारेटच्या जागी च्युइंगम आलं. आपल्याकडे १९८७च्या रिलायन्स कपच्या आसपास शाळेत असलेल्यांना बिग फन आठवत असेल, क्रिकेटपटूचं चित्र आणि रन किंवा विकेट. कारखान्यात ती चित्रंही आधी तावावरच छापलेली असणार, आणि त्यातला एखादा न कापलेला ताव कुणाच्या माळ्यावर असेल तर मला तो नुसता बघायचाय.

१९५२ साली टॉप्स या कंपनीनं ४०७ पत्त्यांचा संच काढला. शेवटची खेप ३११ ते ४०७ क्रमांकांची. मोजा: सत्त्याण्णव. पण तावावर जागा शंभर, दहा बाय दहा. उरलेल्या तीन जागा कोऱ्या कोण सोडणार? तीन खेळाडू दोनदा छापले: मिकी मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन. म्हणजे त्या खेपेत मँटलचे पत्ते इतरांच्या दुप्पट निघाले. या खेपेचा माल खपला नाही. कंपनीतल्या साय बर्गर यांनी सांगितल्याप्रमाणे १९६०मध्ये उरलेली खोकी त्यांनी बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात टाकली.

आणि दुप्पट छापलेल्या त्या मँटलचाच एक पत्ता २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. दुर्मीळ ते महाग, हे सूत्र इथे चालत नाही. लोकांना मँटल हवा होता, बस. पण कुठला पत्ता किती निघाला याचं उत्तर बाजारात शोधायचं नसतं. ते तावाच्या रचनेत असतं.

६. कापायचा मोह

शेजारच्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याचा हिशेब कधी कधी खरा निघतो. ताव मोठा, चौकटीत बसत नाही, त्याला घेणारे थोडे. सुट्या तुकड्यांना घेणारे पुष्कळ. म्हणून ताव मिळाल्यावर कापून विकणारे आहेत. आणि ताजा कापलेला तुकडा कधीच हाताळलेला नसतो, त्यामुळे त्याच्या कडा करकरीत आणि कोपरे टोकदार असतात. जुना म्हणून विकायला फारच सोयीचा.

१९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या एका मालिकेतला होनस वॅग्नरचा पत्ता जगातला सगळ्यात नावाजलेला पत्ता आहे. त्याची एक प्रत इतकी चकचकीत होती की १९९१मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारीत ती ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. २०१३मध्ये लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबुली दिली की त्या पत्त्याच्या बाजूच्या कडा आपणच कापल्या होत्या. इतक्या वर्षांच्या खुणा एका पात्यानं उडवल्या आणि किंमत चढली. माझ्या मते तो पत्ता त्या दिवसापासून अर्धाच आहे, भाव काहीही असो.

७. तुमच्या हाती लागला तर

रविवारी जाफर गेटच्या बाजारात, रद्दीच्या दुकानात, कपाटाच्या फळीवर, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात अस्तर म्हणून, असे ताव कुठेही निघतात. छापखान्यात रंग जुळेपर्यंत वाया जाणारे ताव कामगार घरी नेत, विकत, अंथरत. चांगला माल कापून वापरला गेला आणि टाकाऊ तेवढा उरला, हा या छंदातला विनोद आहे.

पहिली गोष्ट, उचलायच्या आधी आहे तिथे फोटो काढा. कुठल्या बाजूनं ठेवला होता, वर काय होतं, सगळं. मग सपाट जागी, दिवसाच्या उजेडात, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून पूर्ण तावाचा फोटो. मग चार भागांचे जवळून. मग मागची बाजू. मागची बाजू हमखास राहते. आमच्या तावाच्या मागे ट्रंकेच्या गंजाची चौकोनी रेघ आहे, आणि ताव त्या ट्रंकेत बराच काळ होता याची ती कागदावरची साक्ष. शेवटी खिडकीतून तिरका उजेड घेऊन एक फोटो. घड्या, दाब आणि खरचटलेलं त्यातच दिसतं.

प्रत्येक चित्राला ओळ आणि घर असा पत्ता द्या आणि दोष त्या पत्त्यासह लिहा. काळ ठरवायला छापलेला मजकूर वाचा. आमच्या लेबलावरचे 'नये पैसे' १ एप्रिल १९५७ला आले आणि १९६४च्या जूनमध्ये 'नये' गळून नुसते पैसे राहिले. ताव त्या सात वर्षांतला. आत्याचं लग्न १९६३चं, तेही जुळतं. खोटेपणाची शंका आली तर दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. आजच्या छपाईत बहुतेक रंग बारीक ठिपक्यांच्या नेमक्या जाळीतून बनतात. जुन्या लेबलांत सपाट रंग किंवा हातानं दिलेले आडवेतिडवे ठिपके दिसतात. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर तोही लावून बघा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं साधारण १९५०च्या आसपास आली, तेव्हा १९१०चा म्हणून दाखवलेला कागद निळसर झळकला तर पैसे खिशातच ठेवा.

न करायच्या गोष्टी थोड्या, पण पक्क्या. चिकटपट्टी नाही. लॅमिनेशन तर नाहीच. इस्त्री नाही, पाण्यानं पुसणं नाही, गुंडाळी करून रबर लावणं नाही. आपल्याकडच्या उन्हानं तांबडा रंग आधी उडतो, म्हणून भिंतीवर लावायचा असेल तर त्याचा फोटो लावा. कसर आणि वाळवी या दोघींना जुना कागद आवडतो. कागद सपाट, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवायची जुनी रीत वाईट नाही, कागदाला टेकली नाही म्हणजे झालं.

आत्याच्या परवानगीनं तिचा ताव आता माझ्याकडे आहे, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये. पाकिटावर पेन्सिलीनं नोंद केली आहे ती अशी:

काडेपेटीच्या लेबलांचा न कापलेला ताव. क्राऊन, ३८.१ × ५०.८ सेंमी. तीन रंग, निळा डावीकडे सरकलेला. काळ १९५७ ते १९६४. मिळाल्याची जागा उस्मानपुरा, पत्र्याच्या ट्रंकेचा तळ, छापील बाजू खाली. ट्रंकेत लग्नातले शालू, दोन. मोर शंभर, त्यातले चोच नसलेले पाच.